एक छर्रा कमी

दर उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या बाल्कनीत एक पोतं येऊन उभं राहतं, आणि आम्ही बापलेक ते तिथे नसल्यासारखं वागतो.

पोत्यात वाळलेली मोहफुलं असतात. धानोऱ्याकडून येणाऱ्या एसटीत कुणीतरी ते चढवून देतं. मी स्टँडवर जाऊन उतरवून घेते, स्कूटरवर पायांमध्ये दाबून घरी आणते आणि कपड्यांच्या दोरीखाली कोपऱ्यात ढकलते. वास मात्र ढकलता येत नाही. गोड, जड आणि किंचित आंबूस असा तो वास दुसऱ्या दिवशी जिन्यात उतरतो. समोरच्या वहिनी नाक वर करून विचारतात, काही आंबवायला घातलं का हो? मी सांगते, मनुका आहेत. सगळा जन्म चंद्रपुरात काढलेल्या बाईला मोह आणि मनुका यांतला फरक कळत नाही असं थोडंच आहे? पण त्या हसून घेतात, मीही हसून घेते. वर्षातून एकदा आमच्या जिन्यात हे नाटक होतं.

आम्हाला मोहफुलांची लाज वाटते असं मात्र समजू नका. बाबा तर मोहाच्या भाकरीवर वाढलेल्या माणसांत अर्धं आयुष्य काढून आले. लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे. ती सांगायची तर आधी बाबांची फटफटी सांगावी लागेल.

बाबा ढोरांच्या सरकारी दवाखान्यात पट्टीबंधक होते. जखमा धुवायच्या, मलम लावायचं, पट्टी बांधायची, लस टोचायची हे त्यांचं काम. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलातल्या गावांना तेव्हा जीप जाईल असा रस्ता नव्हता. बाबा फटफटीवर जात, म्हणून तिकडे बाबाच डॉक्टर. लाळ-खुरकतीची लस टोचायची फेरी नेमकी मोह पडायच्या दिवसांत येई, आणि त्या फेरीत त्यांचा मुक्काम ठरलेला असे चैतूभाऊंच्या घरी. चैतूभाऊ बाबांच्याच वयाचे, शेती आणि जंगल दोन्हीवर जगणारे. त्यांच्या बायकोचं नाव रैजीबाई. पहिल्याच मुक्कामात रैजीबाईंनी बाबांना आत चुलीपाशी बसवून वाढलं, आणि पाणी कोणत्या लोट्यातून द्यायचं याचा विचार करायला क्षणभरही थांबल्या नाहीत. ज्यांच्या आजोबांना पाणी वरून ओतून मिळालं, त्यांनाच हे का सांगण्यासारखं आहे ते कळेल. बाबा हे शंभरदा सांगत आणि दर वेळी त्यांना ते पहिल्यांदा सांगतोय असं वाटे.

फटफटी लाल टाकीची, टू-स्ट्रोक, वयाने माझ्याहून मोठी. वर्षाची तिची सगळी दुरुस्ती बाबा चैतूभाऊंच्या अंगणात करत. चंद्रपुरात मिस्त्री नव्हते का? हाकेच्या अंतरावर होते. पण बाबांचं म्हणणं, गाडी जिथे हाल सोसते तिथेच तिला उघडावी. मला वाटतं खरं कारण वेगळं होतं. मिस्त्री बोलतात, चैतूभाऊ बोलत नाहीत. बाबा नट सोडत, चैतूभाऊ समोरचं वजन धरत. ‘धर’ असं म्हणावं लागत नसे. निवृत्त झाल्यावर लस संपली, फेरी संपली, तरी मोह पडायला लागला की बाबा फटफटी काढून तिकडे जातच राहिले. विचारलं तर सांगत, सर्व्हिसिंगला जातो.

आता मी पडले ड्रायव्हिंग क्लास चालवणारी बाई. चंद्रपूरचे बरेच डॉक्टर-वकील माझी बोलणी खाऊन गाडी शिकले. घरातला सत्तरी ओलांडलेला माणूस एवढ्या लांब दुचाकीवर जातो, ही माझ्या दृष्टीने दुकानाच्या पाटीखालीच अंधार असल्यासारखी गोष्ट. त्यातून त्या वर्षी फटफटीचं हँडल बिघडलं होतं.

हँडलचा दांडा ज्या नळीत फिरतो तिच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी एकेक वाटी असते. वाटीत ग्रीस आणि ग्रीसमध्ये पोलादी छर्रे, वाटाण्याहून थोडे लहान. त्या छर्र्यांवर हँडल फिरतं. मिस्त्री या सगळ्याला मिळून कोन सेट म्हणतात. जुन्या गाड्यांत हे छर्रे सुटे असतात, एवढं फक्त लक्षात ठेवा. गाडी जन्मभर बहुतेक सरळच चालते. त्यामुळे छर्रे एकाच जागी बसून मार खातात, आणि वाटीला नेमके सरळच्या जागी खड्डे पडतात. मग सरळ जाताना काही कळत नाही, पण वळायला गेलं की हँडल आधी अडतं आणि मग एकदम जास्त वळतं. ब्रेक दाबला की हातात खट् असा आवाज येतो. मी फटफटी एकदाच गल्लीत फिरवून पाहिली आणि बाबांना सांगितलं की आता पुरे. ही शेवटची फेरी, मग गाडी कायमची उभी. बाबांनी नवीन कोन सेट तेलकट कागदातून काढून मला दाखवला.

"गाडीचे छर्रे गेले हायेत सुजा, माहे नाई."

मी सोबत येईन, मागून कार घेऊन, एवढंच कबूल करून घेतलं. असे आम्ही निघालो. पुढे बाबा, मागे लाल ‘एल’ लावलेली माझी क्लासची गाडी. मूल, सावली, वैनगंगेचा पूल, गडचिरोली. तिथून पुढे रस्ता जंगलात शिरतो आणि वळणं सुरू होतात. दर वळणाला बाबांचे खांदे आधी आखडायचे, मग हँडल सुटायचं, मग गाडी रस्त्याच्या मध्ये जाऊन परत यायची. मी मागून हॉर्न वाजवला नाही. शिकाऊ माणसाच्या मागेही मी हॉर्न वाजवत नाही.

मोहाला त्या दिवसांत पान नसतं. नुसत्या फांद्यांवर फुलांचे झुबके, आणि पहाट झाली की ते एकेक करून गळायला लागतात. रसाळ, पिवळट पांढरी फुलं. आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन काळी स्वच्छ केलेली असते, त्यावर ती पडलेली दिसतात. प्रत्येक घराचं झाड ठरलेलं. दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी वाकत नाही, मग तिथे फुलांचा सडा का पडेना. लहानपणी बाबा मला एकदा फटफटीच्या टाकीवर बसवून तिकडे घेऊन गेले होते. तेव्हाचं मला अस्वल आठवतं. म्हणजे अस्वल दिसलं नव्हतं, पण ते मोह खायला येतं म्हणून सगळे टोपल्या वाजवत गेले होते, आणि मी सगळ्यांत जोरात वाजवली होती.

त्याच वेळचं आणखी एक आठवतं. चैतूभाऊंच्या अंगणात शेणाने सारवलेला एक चौकोन होता आणि त्यावर थोडी फुलं पसरलेली होती. मी तिकडे धावले तसा बाबांनी माझा दंड पकडला. म्हणाले, इथी कोठीबी बस, तिकडे नको जाऊ. मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या गावात नवा मोह आधी कुणी तोंडात टाकत नाही. पहिल्या दिवशी पडलेली फुलं वाडवडिलांची. ती सारवलेल्या जागेवर वेगळी ठेवायची, आणि पंडुमच्या दिवशी, म्हणजे नव्या फुलाफळाच्या सणाला, त्यांच्यापुढे मांडायची. दिवस गायता ठरवतो. गायता म्हणजे गावचा पुजारी. तोवर बाकीचा मोह वेचायचा, वाळवायचा, पण चाखायचा नाही. त्या चौकोनाला घरचं माणूससुद्धा ओलांडत नाही, वळसा घालून जातं.

तर हे सगळं मला बाबांनीच शिकवलेलं.

त्या वर्षी आम्ही पोचलो तेव्हा पहिला मोह नुकताच पडला होता. रात्री जेवलो. पहाटे चैतूभाऊ टोपल्या घेऊन झाडाकडे गेले. रैजीबाई चुलीपाशी होत्या. ऊन वर यायच्या आत बाबांनी हत्यारं काढली. रैजीबाई म्हणाल्या, थे येतीनच आता, थांबा न डाक्टर. बाबा म्हणाले, पोरगी आहे माझी, तिला सगळ्या गाड्या येतात. हे माझं कौतुक नव्हतं. त्यांना मला दाखवायचं होतं की आपल्याला अजून जमतं.

मांडवाच्या आडव्या बल्लीला दोर टाकून त्यांनी फटफटीचं पुढचं अंग टांगलं. चाक काढलं, हँडल सोडून टाकीवर आडवं ठेवलं, जुन्या वाट्या ठोकून काढायचा सुळा हाताशी ठेवला. नवीन छर्रे धुवायला रैजीबाईंकडून एक थाळी मागून घेतली आणि तिच्यात बाटलीतलं डिझेल ओतलं. छर्रे ठेवायचे तर जागा निर्मळ पाहिजे. धुळीचा कण ग्रीसमध्ये गेला की नवा कोन सेट चार दिवसांत जुना होतो. बाबांनी थाळी हातात धरून अंगणभर पाहिलं. सगळीकडे माती, राख, कोंबड्या. एकच जागा स्वच्छ होती, सारवलेली, गुळगुळीत. बाबा तिकडे गेले आणि त्या चौकोनाच्या कडेला, फुलांना लागून, त्यांनी थाळी ठेवली.

मी पाहिलं. मला वाटलं, त्यांना माहीत आहे. तीस वर्षं या घरात येतात, काही विचार करूनच ठेवली असेल.

आता चिमट्याचं. पुढचं चाक ज्यात बसतं त्या दुहेरी दांड्याला चिमटा म्हणतात. वरचा नट पूर्ण सुटला की तो नळीतून खाली येतो, आणि येतो तो एकदम. तो क्षण धरणाऱ्याच्या हाताला आधी कळावा लागतो. चैतूभाऊंच्या हाताला कळायचा. मी जगाला स्टिअरिंग शिकवते, पण माझ्या हाताला काही कळलं नाही. चिमटा आला तो माझ्या पायावरच आला. बाबा मला सावरायला पुढे झेपावले, त्यांचा पाय थाळीच्या काठावर पडला आणि थाळी उलटली. डिझेल फुलांत गेलं. छर्रे फुलांत गेले.

कुणीच ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. रैजीबाई चुलीजवळून उठून आल्या, त्यांनी चौकोनाकडे पाहिलं, आणि मग माझ्यापाशी बसून पाय कुठे लागला ते विचारलं. मी म्हटलं, काही नाही झालं. खरंच काही झालं नव्हतं, आणि मला त्याचीसुद्धा लाज वाटली. निदान हाड तरी मोडायचं होतं.

बाबा उभे होते. दोन्ही हात ग्रीसने भरलेले, अंगापासून दूर धरलेले. फुलं उचलावीत तर ती शिवायची नाहीत, आणि न उचलावीत तर ती डिझेल पीत आहेत. त्यांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. ढोर हातातून गेलं, मालक रडला, अशा वेळीसुद्धा नाही. ते कसला विचार करत होते ते मला कळत होतं. डिझेल सांडलं, छर्रे सांडले, हे कुणाच्याही हातून होतं. पण थाळी ठेवताना त्यांना त्या जागेची आठवणच झाली नव्हती. स्वच्छ जागा दिसली आणि ठेवली. बाहेरून आलेला, पहिल्यांदाच आलेला माणूस ठेवील तशी.

चैतूभाऊ आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर भरलेली टोपली होती. ती त्यांनी मांडवात उतरवली. आम्ही काही सांगायच्या आधी त्यांना सगळं दिसलं. ते गेले, हात धुऊन आले, चौकोनाच्या बाहेर उकिडवे बसले आणि डिझेलने भिजलेल्या फुलांतून एकेक छर्रा वेचायला लागले. रैजीबाईही बसल्या. मोहाचं फूलही गोल, छर्राही गोल, आणि दोन्ही तेलकट झालेले. दोघं नवराबायको रोज पहाटे फुलं वेचतात त्याच हातांनी, त्याच बैठकीत आमचे छर्रे वेचत होती, आणि आम्ही बापलेक बघत होतो.

बाबा म्हणाले, "चैतू, मले आठवलंच नाई."

चैतूभाऊ म्हणाले, "होते डॉक्टर." आणि वेचत राहिले.

एक छर्रा मिळाला नाही. पुष्कळ शोधला. शेवटी बाबाच म्हणाले, राहू द्या, एक कमी चालतो. ते खरंही आहे. छर्रे एकमेकांना घासू नयेत म्हणून मिस्त्री मुद्दाम एखाद्याची जागा मोकळी सोडतात. पण तसं ते ज्या आवाजात म्हणाले त्यावरून कुणालाही वाटलं असतं की दुसऱ्याच कशाबद्दल बोलत आहेत. मग त्यांनी नव्या वाट्या ठोकल्या, ग्रीस भरलं, छर्रे बसवले. चिमटा वर घालायची वेळ आली. चैतूभाऊ दुसरीकडेच कुठे तरी पाहत होते. त्या दिवशी बाबांना पहिल्यांदा ‘धर’ म्हणावं लागलं.

रैजीबाईंनी भात रांधला होता, कोंबडं कापलं होतं. त्या घरातून उपाशी कुणी जात नाही. बाबा म्हणाले, चंद्रपुरात तातडीचं काम आहे. निवृत्त पट्टीबंधकाला कसलं आलंय तातडीचं काम? पण कुणी विचारलं नाही. आम्ही निघालो तेव्हा भाताची वाफ अंगणात येत होती.

परतीच्या रस्त्यावर मी मागून बघत होते. हँडल लोण्यासारखं फिरत होतं. वळण आलं की गाडी अलगद कलायची, अलगद सरळ व्हायची. ब्रेकला खट् नाही की काही नाही. इतकं सुंदर काम बाबांनी जन्मात केलं नसेल. वैनगंगेच्या पुलावर ते थांबले. मला वाटलं पाणी हवं असेल, म्हणून बाटली घेऊन गेले. ते कठड्याला टेकून नदीकडे पाहत होते.

"आपण देव मानत नाई, सुजा. पण चैतूचं ताट तं मानत होतो न मी?"

मी बाटली पुढे केली. खाली पात्रात वाळूच जास्त होती. त्यांनी बाटलीतल्या पाण्याने हात धुतले. ग्रीस पाण्याने निघत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

घरी आल्यावर फटफटीवर ताडपत्री पडली. मला जे हवं होतं ते झालं होतं. वडील दुचाकी चालवायचे थांबले होते. शेजारी विचारत तेव्हा बाबा गुडघ्याचं कारण सांगत आणि मी मान डोलवत असे. जुन्या वाट्या मी क्लासच्या टेबलावर ठेवल्या आहेत. नवीन शिकणाऱ्यांना देते आणि सांगते, बोट फिरवून पाहा, खड्डे लागतात ना? वर्षानुवर्षं सरळ चालल्याचे आहेत. पोरं बोट फिरवतात आणि मान हलवतात. माणसाच्या मनालाही असेच खड्डे पडतात, एकदा तिथे जाऊन बसलं की ते हलत नाही, हे काही मी त्यांना सांगत नाही. लायसन्सच्या परीक्षेत ते विचारत नाहीत.

पुढच्या वर्षी मोहाच्या दिवसांत चैतूभाऊंचा फोन आला. त्यांच्या गावात नेटवर्क नाही, त्यासाठी टेकडीवर चढून जावं लागतं. स्क्रीनवर नाव पाहून बाबांनी माझ्याकडे हात हलवला, नाही म्हणून, आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मी फोन घेतला. चैतूभाऊंनी विचारलं, काय करून राह्यले डॉक्टर? मी म्हटलं, झोपले आहेत. ते म्हणाले, बरं, झोपू द्या. तेवढंच. त्यानंतर पोतं आलं. त्याच्या पुढच्या वर्षी फोन आला, बाबा झोपले, पोतं आलं. त्याच्याही पुढच्या वर्षी तसंच. तिकडे एक म्हातारा माणूस टेकडी चढून येतो आणि इकडे दुसरा म्हातारा भर दुपारी जागा राहून झोपतो, असं आमचं सुरू होतं. मी बाबांना एकदा म्हटलं, अहो, चला ना एकदा, मी नेते कारने. ते म्हणाले, कोणत्या तोंडानं? मग मी पुन्हा काही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तिकडे जायचं नव्हतं. त्या चौकोनाजवळून वळसा घालून जाताना सगळे माझ्याकडे पाहतील असं वाटे. आणि पोतं आलं की वाटे, पाठवू नका हो. रागवा, फोन बंद करा, काहीही करा, पण हे पाठवू नका.

यंदा फोन आला नाही. मला वाईट वाटलं, आणि त्याखाली थोडं सुटल्यासारखंही वाटलं. ते का, हे सांगायला नको.

परवा सकाळी दार वाजलं. उघडलं तर चैतूभाऊ. डोक्याला टॉवेल, हातात कापडाचं गाठोडं. आमच्या घरी ते पहिल्यांदाच आले होते. पत्ता विचारत विचारत आले असणार. पूर्वीपेक्षा वाळले होते, पाठीत वाकले होते. मी दारात उभी. आतल्या खोलीत बाबा पेपर वाचत होते, आणि पेपरचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

मी म्हटलं, "बाबा झोपले आहेत."

कसं आलं तोंडून, कोण जाणे. इतकी वर्षं फोनवर म्हणत आले होते तेच बाहेर पडलं. आत पेपरचा आवाज थांबला. चैतूभाऊ म्हणाले, झोपू द्या, बसतो मी. आणि बसले. मी पाणी दिलं, चहा टाकला. गाठोड्यातून मोहाचा वास येत होता, ताज्या मोहाचा, पोत्यातल्यासारखा जुना नाही. चहा उकळून वर येतो तोवर बाबा बाहेर आले. केस विंचरलेले, शर्ट बदललेला. झोपेतून उठलेला माणूस शर्ट बदलून येत नाही, हे आम्हा तिघांनाही दिसलं.

बराच वेळ ढोरांचं बोलणं झालं. कोणाची म्हैस, कोणाचा गोऱ्हा. मग चैतूभाऊंनी सांगितलं की पंडुमचा दिवस जवळ आला आहे, आणि औंदा डॉक्टरांनी यावंच.

"तुमचं सामान हाये माह्या घरी."

बाबा म्हणाले, माझं तर काही राहिलं नाही तिथे.

"छर्रा."

मग जे कळलं ते असं. आम्ही उपाशी निघालो त्याच दुपारी चैतूभाऊ गायत्याकडे गेले होते. गायता म्हणाला, डिझेलची फुलं फेकू नका, झाडाची झाडाला द्या. ती फुलं झाडाखाली परत ठेवताना रैजीबाईंच्या हाताला तो एक छर्रा लागला. तो डॉक्टरांना पाठवायचा म्हणून चैतूभाऊंनी कमरेला बांधला, तर गायत्याने अडवलं. वाडवडिलांच्या वाट्यात जे पडलं ते उचलायला नको होतं. बाकीचे उचलले ते उचलले, गाडीला लागत होते. पण एक वाडवडिलांनीच ठेवून घेतला, तो आता त्यांचा. आणि पहिल्या मोहाचं काय? गावातल्या घराघरातून ज्याच्या त्याच्या पहिल्या फुलांतली एकेक मूठ आली. जिथे दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी वाकत नाही, तिथे घरोघरची मूठ चैतूभाऊंच्या चौकोनावर पडली. सण झाला होता. आम्ही इथे तोंड लपवून बसलो त्या सगळ्या वर्षांत तिथे दर वर्षी सण होत होता.

चैतूभाऊ म्हणाले, "दरसाल मोहासंगं थोबी मांडतो. गंजू नये मनून तेल लावतो त्याले."

बाबांनी विचारलं, "कोनतं?"

"टोरीचं."

टोरी म्हणजे मोहाची बी. फुलं सरली की फळं येतात, फळांतून टोरी निघते, तिचं तेल काढतात. बाबा थोडा वेळ त्यावर विचार करत बसले, जसं दुकानदाराने दोन प्रकारचं ग्रीस पुढे ठेवलं तर करत. म्हणाले, बरं आहे, टोरीचं बरं आहे. आणि मग रडले. चैतूभाऊंनी चहाची बशी बाजूला सरकवली, त्यांना लागू नये म्हणून. देवधर्म सोडून आमच्या घराला पिढ्या झाल्या, आणि आमच्या फटफटीचा छर्रा तिकडे वाडवडिलांत जाऊन बसला होता, तेल पीत. यावर हसावं असं मला फार वाटलं. त्यांनी आमची चूक घरात घेतली, तिला जागा दिली, आणि आम्ही त्यांच्या मोहाला बाल्कनीत ठेवून मनुका म्हणत होतो.

बाबा चपला घालायला लागले. मी म्हटलं, आज? ते म्हणाले, आज. जिन्याच्या खिडकीतून खाली ताडपत्रीखालची फटफटी दिसत होती. त्यांनी वरूनच तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, कारनंच जाऊ. बाबा पायऱ्या उतरू लागले, एका हाताने कठडा धरून. मी कुलूप लावत होते. चैतूभाऊ माझ्यापाशी मागे थांबले. बाबा खालच्या वळणापर्यंत जाईतो ते थांबले, आणि मग हळू आवाजात, रागावल्याची खूणही नाही अशा आवाजात म्हणाले:

"बाई, आता फोन केला तं उठवजा त्यायले."

मी मान हलवली. कारची चावी शोधायला पर्स उघडली, पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. चावी हातातच होती.